इतिहास आधी की अभंग आधी?

बडोद्यात एम.ए. मराठी करणाऱ्या एका विद्यार्थिनीनं विचारलं आहे: "माझी प्रबंधिका तुकारामांच्या आत्मचरित्रपर अभंगांवर आहे. 'राजकीय, सामाजिक व धार्मिक पार्श्वभूमी' असं पहिलं प्रकरण 40 पानांचं लिहिलं. सरांनी 'याचा अभंगांशी संबंध काय?' असं समासात लिहून परत दिलं. इतिहास वाचला आहे, गाथाही वाचली आहे, पण दोन्हींची भेटच होत नाही. मुळात आधी इतिहास वाचायचा की आधी साहित्य?"

मी बडोद्यातच 30 वर्षं मध्ययुगीन मराठी शिकवलं. ही 40 पानं मी दर वर्षी वाचलेली आहेत. त्यांत देवगिरीचे यादव येतात, अल्लाउद्दीन खिलजी येतो, बहमनी राज्य येतं, त्याच्या पाच शाह्या होतात, वारकरी पंथ वाढतो आणि प्रकरण संपतं. पुढच्या 100 पानांत त्यातल्या एकाही गोष्टीची गरज पडत नाही. तुमच्या सरांनी बरोबर जागी बोट ठेवलं आहे, आणि तुम्ही ते मनाला लावून घेऊ नका. चूक तुमच्या कष्टांत नाही, मांडणीत आहे. 'पार्श्वभूमी' म्हटलं की आपण नाटकाच्या मागच्या पडद्यासारखं काहीतरी रंगवायला घेतो आणि पडदा रंगला की त्याच्याकडे पाठ करून पुढचं काम करतो.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. तीन महिन्यांवर पेपर असेल तर मी पुढे सांगते आहे तेवढं खोदत बसायला वेळ मिळणार नाही. तेव्हा साधा कालक्रम पाठ करा आणि संहिता दोनदा वाचा. प्रबंधिका असेल तर गोष्ट वेगळी. मोडी येत असेल तर दारं जास्त उघडतात, येत नसेल तरी काम अडत नाही. आणि बडोद्यात वाढल्यामुळे तुम्हाला गुजराती वाचता येत असणार. पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्यांजवळ हे नसतं. ते कसं वापरायचं ते खाली येईलच.

माझी पद्धत एका ओळीपासून सुरू होते. तुमच्याच विषयातली ओळ घेऊ:

दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान ।
स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥

हा अभंग 'याती शूद्र वैश केला वेवसाव' असा सुरू होतो. त्यात पुढे 'नये बोलों परि पाळिलें वचन । केलियाचा प्रश्न तुम्हीं संतीं' असं येतं. म्हणजे तुकोबा हे स्वतःहून सांगत नाहीत. संतांनी विचारलं म्हणून, बोलू नये असं वाटत असताना, ते मागे वळून बोलताहेत. हा पहिला संदर्भ, आणि तो कुठल्याही इतिहासग्रंथात नाही, अभंगातच आहे. घडतानाचं दुःख आणि पुष्कळ वर्षांनी कुणी विचारल्यावर सांगितलेलं दुःख यांच्या आवाजात फरक असतो. तो फरक ऐकल्याशिवाय 1630 सालच्या दुष्काळाकडे जाऊ नका.

मग शब्द. 'आटिलें' म्हणजे काय झालं? विहीर आटते, दूध आटतं. पैसा चोरीला गेला, लुटला गेला असं ते म्हणत नाहीत, आटला म्हणतात. इथे मी वर्गात थांबून विचारायची: दुष्काळात वाणी बुडतो कसा? धान्य महागलं तर वाण्याचं भलंच व्हायला हवं. मुलं गोंधळायची. आणि तो गोंधळच मला हवा असायचा, कारण इतिहासाचं पुस्तक उघडायचं कारण तिथे तयार होतं. आता तुम्ही 'सतराव्या शतकातील सामाजिक स्थिती' शोधत नाही. गावातल्या लहान सावकाराचं भांडवल दुष्काळात कुठे अडकतं, एवढंच शोधता आहात.

उत्तर असं लागतं. 1630 च्या पावसाळ्यात दख्खन आणि गुजरात दोन्हीकडे पाऊस गेला. निजामशाहीवरच्या मोहिमेसाठी शहाजहान लवाजम्यासकट बऱ्हाणपुरात येऊन बसला होता (मुमताजमहल तिथेच 1631 च्या जूनमध्ये वारली), त्यामुळे होतं ते धान्य फौजेकडे ओढलं जात होतं. त्याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेवानं पुणं जाळलं. देहू तिथून एका दिवसाच्या चालीवर आहे. कुळं मेली किंवा परागंदा झाली. वैरण संपली, गुरं मेली, म्हणजे माल वाहणारे बैलही गेले. साठेबाज मोठा व्यापारी अशा वेळी तरतो. पण ज्याची पुंजी शेतकऱ्यांकडच्या खतांमध्ये, म्हणजे कर्जरोख्यांमध्ये आहे, त्याचे कागद शाबूत राहतात आणि वसुलीला माणूसच उरत नाही. याला 'आटणं' याहून नेमका शब्द मला सुचत नाही. विहिरीचं बांधकाम जागच्या जागी, आत पाणी नाही.

'नेला मान' याचं काय? तुकोबांच्या घराण्याकडे देहूची महाजनकी, म्हणजे बाजारपेठेचं वतन, होती असं परंपरा सांगते. वतनदारी व्यवस्थेत मान ही नुसती भावना नव्हती, हक्क होता. कुणाचा विडा आधी, कुणाचा टिळा आधी, हे ठरलेलं असे आणि त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चालत. म्हणून मला इथे 'मान' शब्दात दोन्ही अर्थ ऐकू येतात, मनाचा आणि गावकीचा. हा माझा अंदाज आहे आणि प्रबंधिकेत मी तो अंदाज म्हणूनच लिहीन. 'असे वाटते' आणि 'असे आहे' यांतला फरक पाळला की परीक्षकाचा विश्वास बसतो.

पुढचं कडवं पाहा: 'लज्जा वाटे जीवा त्रासलों या दुःखें । वेवसाय देखें तुटी येतां'. त्यानंतर लगेच 'देवाचें देऊळ होतें तें भंगलें'. धंद्यात तूट आली, आणि नजर पडक्या देवळावर गेली. या क्रमावर तुम्ही दहा पानं लिहू शकता. फौजेचं नाव अभंगात कुठेच नाही, हेही नोंदवा. मरण पावलेल्या बायकोचं नाव परंपरा रखमाबाई सांगते. अभंग फक्त 'स्त्री एकी' म्हणतो. दर वर्षी या दोन शब्दांपाशी माझा आवाज अडखळायचा. इतिहास शिकायचा म्हणून हे बाजूला सारू नका. इतकी माणसं मेली हे बखरकारही सांगेल, पण अन्न अन्न करत मेलेली एक बाई इथेच भेटते.

आता तुमच्या गुजरातीचा उपयोग. या दुष्काळाला गुजरातेत 'सत्याशियो' म्हणतात, कारण तो विक्रम संवत 1687 चा. समयसुंदर नावाच्या जैन साधूनं त्यावर छत्तीशी, म्हणजे छत्तीस कडव्यांची रचना, केली आहे, जुन्या गुजराती-राजस्थानी वळणाच्या भाषेत. श्रावकांचीच चूल पेटेना तेव्हा भिक्षेवर जगणाऱ्या साधूंचे काय हाल झाले ते तो सांगतो. एकच कोरडं आभाळ, इकडे जैन साधू, तिकडे देहूचा वाणी. एक जण समाजाकडे पाहून वर्णन करतो, दुसरा स्वतःचा हिशेब देतो. ही दोन पानं शेजारी ठेवून वाचली की 'तुकारामांचा सामाजिक अनुभव' वगैरे शब्द लिहायची गरजच पडत नाही. मराठीच्या वर्गात सहसा कुणी ही तुलना करत नाही, कारण कुणाला दुसरी भाषा येत नाही. तुम्हाला येते.

सालांचं गणित मात्र हातानं करायला शिका. शकात 78 मिळवले की इसवी सन मिळतो, जानेवारी ते फाल्गुन असेल तर 79. गुजरातचा विक्रम संवत कार्तिकात बदलतो, म्हणून दिवाळीपासून डिसेंबरपर्यंत 57 वजा करायचे आणि पुढे 56. संवत 1687 अशा रीतीनं 1630 च्या दिवाळीला लागतो. पाऊस त्याआधीच दगा देऊन गेला होता, तेव्हा दुष्काळाला नाव मिळालं ते उपासमारीच्या वर्षाचं. आणखी एक युक्ती माझ्या गुरूंनी दिली होती. शकात 12 मिळवा, 60 नं भागा, बाकी राहील तो साठ संवत्सरांच्या चक्रातला अनुक्रम, पहिल्या प्रभवापासून मोजायचा. एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हाची ओवी 'शके पंधराशें साहोत्तरीं । तारणनाम संवत्सरीं' अशी आहे. 1506 आणि 12 मिळून 1518, भागून बाकी 18, आणि अठरावा संवत्सर तारण. जुळलं. पोथीच्या शेवटी शक आणि संवत्सर जुळत नसतील तर लेखनिक चुकला आहे किंवा कुणीतरी नंतर तारीख घातली आहे. सावध व्हायचं.

हे सावधपण मला एका बाडानं, म्हणजे जुन्या हस्तलिखित वहीनं, शिकवलं. दांडिया बाजारातल्या एका घरी माळा रिकामा करताना लाल फडक्यात बांधलेलं बाड निघालं आणि त्या लोकांनी ते मला दाखवायला आणलं. आखूड बाजूनं शिवलेलं, वर उलटायचं, कडा वाळवीनं खाल्लेल्या. आत बाळबोधीत अभंग, समासात मोडीत घरखर्च, तूप, तेल, वाती. शेवटी 'यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया' हा नेहमीचा श्लोक आणि खाली शके 1741, प्रमाथी. गणित जुळत होतं. मधल्या एका पानावर 'तुका म्हणे' असा शेवट असलेला, छापील गाथेत न सापडणारा अभंग होता. माझी एक विद्यार्थिनी हरखून गेली. आम्ही तो शब्द शब्द लावत गेलो, आणि तिसऱ्या ओळीत 'पलटण' शब्द आला. कवायती फौजांबरोबर हा शब्द अठराव्या शतकात आपल्याकडे रुळला. तुकोबा 1650 मध्ये गेले.

तिचा चेहरा उतरला. मी तिला म्हटलं, कागद खोटा ठरलेला नाही, आपला प्रश्न बदलला आहे. पेशवाई बुडाल्याच्या दुसऱ्या वर्षी, बडोद्याच्या एका मराठी घरात कुणीतरी पलटणीतल्या शिपायाच्या रूपकात भक्ती सांगतो आहे आणि त्याला तुकोबांची सही लावावीशी वाटते आहे. हा तुकारामांच्या काळाचा पुरावा नाही. गायकवाडी बडोद्यातल्या मराठी माणसाचा आहे, आणि तो तितकाच मोलाचा आहे.

तेव्हापासून मी प्रत्येक संहितेला तीन काळ विचारते: गोष्ट कुठल्या काळातली, रचना कुठल्या काळातली, आणि हातातली प्रत कुठल्या काळातली. संतचरित्रकार महिपतींचं भक्तविजय 1762 चं आणि भक्तलीलामृत 1774 चं. तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली हा प्रसंग आपण त्यांच्या चरित्रकथनातून ऐकतो. तो वापरायचा तर तुकाराम गेल्यानंतर शंभरावर वर्षांनी, पेशवाईतल्या श्रोत्यांसमोर सांगितलेला म्हणून वापरा. मी स्वतः एम.फिल.ला महिपतींना तुकोबांचा साक्षीदार धरून पानंच्या पानं लिहिली होती. परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला, "हे तेव्हा जन्मले होते का?" महिपतींचा जन्म 1715 चा. ते प्रकरण मी पुन्हा लिहिलं.

तीन काळांचं सगळ्यात सुंदर उदाहरण आपल्या गावचंच आहे. प्रेमानंद भट्ट बडोद्याचा. माणेवर, म्हणजे तांब्याच्या मोठ्या घड्यावर, बोटांतल्या अंगठ्यांनी ताल धरून आख्यानं गाणारा. त्याचं 'कुंवरबाईनुं मामेरुं' संवत 1739 चं, म्हणजे 1683 च्या सुमाराचं. गोष्ट पंधराव्या शतकातल्या नरसी मेहतांची. लेकीच्या सीमंताला माहेरचा आहेर न्यायचा, घरात काही नाही, आणि कृष्ण धावून येतो. येतो कसा? दोशी होऊन, म्हणजे कापडाचा व्यापारी होऊन. पुढे वस्त्रांची लांबच लांब यादी. देवाला कापडव्यापारी करण्यात जुनागढच्या नरसी मेहतांचा काळ शोधू नका. जगभर कापड पाठवणारा सतराव्या शतकातला गुजरात तिथे बोलतो आहे. नळाख्यानाच्या शेवटी प्रेमानंद सांगतो की पोटासाठी सुरत आणि नंदरबार धरलं. नंदरबार म्हणजे आपलं नंदुरबार. मराठी सत्ता बडोद्यात पक्की व्हायच्या आधी बडोद्याचा कवी आजच्या महाराष्ट्रातल्या गावात कथा करत होता. आजच्या राज्यांच्या सीमा मनात ठेवून मध्ययुग वाचलं तर हे दिसत नाही.

आणि इशारा म्हणून हेही: एकोणिसाव्या शतकात बडोद्याहून निघालेल्या प्राचीन काव्यमाळेत प्रेमानंदाच्या नावावर काही नाटकं छापली गेली. नरसिंहराव दिवेटियांसारख्या अभ्यासकांनी भाषेवरून त्यांच्याबद्दल शंका घेतली, आणि आज ती बनावट मानली जातात. तिथेही पकडलं ते शब्दांनीच.

उलट दिशेची चूकही सांगायला हवी, कारण ती तुमच्या 40 पानांत नक्की असेल. 'यादव सत्तेच्या ऱ्हासाच्या अस्थिर काळात ज्ञानेश्वरी जन्मली' असं वाक्य. ज्ञानेश्वरी शके 1212 ची, म्हणजे 1290. खिलजीची देवगिरीवरची स्वारी 1296 ची. 1290 साली गोदावरीकाठी कुणालाच सहा वर्षांनी काय होणार ते माहीत नव्हतं. ज्ञानेश्वर लिहितात, 'न्यायातें पोषी क्षितीशु । श्रीरामचंद्रु'. यादव राजा रामचंद्र न्यायानं राज्य करतो आहे असं कवी सांगतो, आणि आपण त्याच्या डोक्यावर उद्याचं संकट ठेवतो. त्या ओळीत राजस्तुतीचा संकेत किती, हे जरूर विचारा. पण पुढचं माहीत असल्याचा फायदा कवीच्या पदरात टाकू नका.

एकनाथांबद्दल थोडक्यात, कारण तो तुमचा विषय नाही. त्यांच्या 'अर्जदास्त' या भारुडात 'परगणे शरीराबाद', 'किल्ले कायापुरी', 'जिवाजी शेखदार', 'बुधाजी कारकून' असे शब्द येतात. श्रोत्याला सरकारी अर्जाची भाषा कानावरून गेलेली असेल तरच हे रूपक चालतं. म्हणजे सोळाव्या शतकात पैठणच्या बाजारात उभ्या माणसाला फारसी दफ्तराची भाषा कितपत ओळखीची होती, याचा अंदाज या चार शब्दांतून येतो. असे शब्द लावायला बडोद्यातच जन्मलेल्या माधवराव पटवर्धनांचा, म्हणजे माधव जूलियन यांचा, 1925 चा फारसी-मराठी कोश आणि मोल्सवर्थचा कोश जवळ ठेवा. मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती 1857 ची. त्यात न सापडणारा अर्थ ओवीला चिकटवताना दोनदा विचार करा.

मग तुमचा प्रश्न: आधी काय? आधी ओळ. ओळीतला जो शब्द अडतो, त्याला घेऊन इतिहासाकडे जायचं, उत्तर घेऊन ओळीकडे परत यायचं, आणि उत्तर त्या ओळीत बसतं का ते पाहायचं. बसलं नाही तर उत्तर चुकलं असेल, किंवा ओळीला ते नको असेल. दोन्ही शक्यता खऱ्या धरा. राजवंशांचा कालक्रम एकदा एका मोठ्या कागदावर काढून भिंतीला लावा, म्हणजे त्यासाठी प्रकरण लिहायची गरज राहणार नाही.

तुमची 40 पानं फेकू नका. कात्री घ्या. जो परिच्छेद एखाद्या अभंगातल्या शब्दाला उत्तर देतो तो कापून त्या अभंगाखाली लावा. उरलेला भाग बाजूला ठेवा. माझा अनुभव असा की सहा-सात पानं कामाची निघतात आणि तेवढी पुष्कळ असतात. मग एका सकाळी प्राच्यविद्या मंदिरात जा आणि हस्तलिखित पाहायची परवानगी मागा, मराठी मिळो, गुजराती मिळो की संस्कृत. पानं दोन्ही हातांनी उलटा, पहिल्याऐवजी शेवटचं पान आधी वाचा, आणि शक असेल तर त्यात 12 मिळवून बघा. समयसुंदराची छत्तीशी गुजराती विभागातल्या कुणाकडेही विचारा. ती हातात आली की 'दुष्काळें आटिलें'च्या शेजारी ठेवून पाच पानं लिहा आणि सरांना नवं पहिलं प्रकरण म्हणून तीच दाखवा.